घरात धान्य असूनही मूल का वाळते? : खेड्यांतील लहान मुलांच्या कुपोषणाची कारणे

ओंजळ (धागाकर्ती)

ग्रामीण भागातील लहान मुलांच्या कुपोषणाचा विषय निघाला की बोलणे फार लवकर 'गरिबी' या एका शब्दापाशी येऊन थांबते. तो शब्द खोटा नाही. पण मुलांची वजने आणि उंची मोजण्याचे काम मी बरीच वर्षे केले आणि त्या काळात एक गोष्ट मला सतत अस्वस्थ करत राहिली. एकाच वस्तीतल्या, जवळपास सारख्याच मिळकतीच्या दोन घरांपैकी एका घरातले मूल नीट वाढत असे आणि दुसऱ्या घरातले सातव्या-आठव्या महिन्यापासून मागे पडू लागे. धान्य दोन्ही घरांत असे. मग घरातले धान्य आणि मुलाचे तोंड यांच्या मध्ये नेमके काय येते, हे नीट समजून घ्यावे आणि इथल्या जाणकारांनी त्यात भर घालावी, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर करते. 'कुपोषण' हा एकच शब्द आपण वेगवेगळ्या अवस्थांसाठी वापरतो. वयाच्या मानाने उंची कमी असेल, तर ती खुंटलेली वाढ; महिनोन्‌महिने साचत गेलेल्या कमतरतेची ती खूण असते. उंचीच्या मानाने वजन कमी असेल, तर मूल रोडावलेले असते; हे बहुधा अलीकडच्या काही आठवड्यांतील उपासमारीने किंवा आजारपणाने घडते आणि त्यात जिवाला असलेला धोका अधिक तातडीचा असतो. वयाच्या मानाने वजन कमी भरते, तेव्हा त्यात या दोहोंची सरमिसळ असू शकते. २०२२ साली जगभरातील पाच वर्षांखालील सुमारे १४ कोटी ८० लाख मुलांची वाढ खुंटलेली होती आणि सुमारे ४ कोटी ५० लाख मुले रोडावलेली होती, असा युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांचा एकत्रित अंदाज आहे.

कारणांची जी मांडणी आज सर्वत्र वापरली जाते, ती युनिसेफने १९९० साली केली. तिच्यात तीन थर आहेत. सर्वांत वरच्या थरात दोनच गोष्टी आहेत, त्या म्हणजे अपुरा आहार आणि आजारपण. त्याखालच्या थरात घरातील अन्नाची उपलब्धता, मुलाची निगा, आणि पाणी-स्वच्छता-आरोग्यसेवा. तळाशी आहे समाजातील साधनसंपत्तीची, सत्तेची आणि शिक्षणाची वाटणी. या मांडणीतला 'निगा' हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाकीची बहुतेक कारणे मुलापर्यंत पोहोचतात ती निगा करणाऱ्या माणसाच्या हातातून, आणि तिच्या दिवसातल्या तासांतून.

काळाकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. ५४ देशांतील मोजमापे एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की वयाच्या मानाने उंचीची घसरण जन्मानंतर लवकरच सुरू होते, ती दोन वर्षांपर्यंत चालू राहते आणि मग बरीचशी थांबते. म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी जे मूल आपल्याला खुजे दिसते, त्याचे नुकसान बव्हंशी आधीच होऊन गेलेले असते. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध पुरते. त्यानंतर ते चालूच ठेवावे लागते, पण एकटे पुरत नाही. आणि इथून पुढचे दीड वर्ष ही खरी अवघड चढण असते.

ती अवघड का, ते एका वाटीच्या हिशेबाने सांगते. लहान मुलाच्या पोटात एका वेळी दर किलो वजनामागे साधारण ३० मिलीलिटर अन्न मावते. आठ किलोचे मूल असेल, तर २४० मिलीलिटर, म्हणजे एक मोठी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलाला अंगावरच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ३०० किलोकॅलरी लागतात. आता, लहान बाळाला पचावे म्हणून आणि धान्य पुरवून वापरावे म्हणूनही, अनेक घरांत पिठाची अगदी पातळ पेज दिली जाते. १०० मिलीलिटरमध्ये ५ ग्रॅम पीठ असेल, तर काठोकाठ भरलेल्या त्या वाटीत फक्त १२ ग्रॅम पीठ असते आणि त्यातून जेमतेम ४२ किलोकॅलरी मिळतात. अंगावरच्या १०० मिलीलिटर दुधात सुमारे ६५ किलोकॅलरी असतात. म्हणजे ही पेज दुधाच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही पौष्टिक नाही, आणि पोट मात्र तेवढेच भरते. त्या मुलाला दिवसभरात अशा सात वाट्या लागतील. कोणतेही मूल त्या खाणार नाही. पोट तट्ट भरलेले, बाळ शांत झोपलेले, आणि तरीही ते उपाशी आहे, हे घरातल्या माणसांना कसे कळावे?

यावर उपाय दोनच आहेत. अन्न घट्ट करायचे, त्यात स्निग्ध पदार्थ, डाळी, आणि शक्य असेल तर अंडे, मांस, मासे किंवा दूध घालायचे. आणि ते दिवसातून अनेकदा भरवायचे. नऊ महिन्यांनंतर तीन ते चार वेळा, शिवाय मधले एक-दोन खाऊ. यातले 'अनेकदा भरवणे' कागदावर सोपे दिसते.

मी जे पाहिले, ते असे. अकरा महिन्यांची मुलगी आईच्या मांडीवर आहे. आई बोटाने घास पुढे करते. मुलगी चार घास खाते, पाचव्याला मान फिरवते, सहावा जिभेने बाहेर ढकलते. आई थोडा वेळ वाट पाहते, पण कामाला निघायची वेळ झालेली असते. ती वाटी झाकून ठेवते आणि सहा-सात वर्षांच्या मोठ्या मुलीला सांगून जाते, की थोड्या वेळाने दे. अर्ध्या तासाने बाळ रडू लागते. मोठी त्याला कडेवर घेऊन अंगणात फिरवते, ते गप्प होते. मग ती वाटी उघडते, दोन घास बाळाच्या तोंडात घालते आणि उरलेले स्वतः खाते, कारण तिलाही भूक लागलेली असते. संध्याकाळी आई विचारते, तेव्हा वाटी रिकामी असते. या घरात कोणी खोटे बोललेले नाही, कोणी हलगर्जी केलेली नाही, धान्यही संपलेले नाही. तरी त्या दिवशी बाळाला जेवढे मिळायला हवे होते, त्याच्या निम्मेही मिळाले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की खेड्यांतील कुपोषणाच्या कारणांत आईच्या, किंवा मूल सांभाळणाऱ्या कोणाच्याही, वेळेचा आणि शक्तीचा तुटवडा हे सर्वांत कमी मोजले गेलेले कारण आहे. आपले अनुभव आणि मतभेद जरूर लिहावेत.

---

शेतवाट

धागा फार मोलाचा आहे, आणि पेजेचा हिशेब मी घरातही वाचून दाखवला. तरीही एक आक्षेप नोंदवतो.

'निगा' या शब्दावर भर दिला, की बोट शेवटी आईकडे जाते. तिने घट्ट अन्न शिजवले नाही, तिने वेळेवर भरवले नाही, तिला ठाऊक नव्हते. मग उपाय म्हणून तिला सल्ले दिले जातात, आणि ज्या घरात सल्ला अमलात आणण्यापुरते सामानच नाही, तिथे तो सल्ला अपमान ठरतो. डाळ, अंडे, दूध यांतून मिळणारी प्रत्येक कॅलरी धान्याच्या कॅलरीपेक्षा जवळजवळ सर्वत्र महाग असते. पोट भरण्याइतके धान्य मिळवणारे कुटुंब चौरस आहार मिळवू शकेलच असे नाही. 'घरात धान्य आहे' या वाक्याचा अर्थ एवढाच, की घरात स्वस्तातली कॅलरी आहे.

दुसरे, पिकवणाऱ्याच्या घरात अन्न असेलच, ही समजूत सोडायला हवी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करताना अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले, की लोक मेले ते केवळ धान्य कमी पिकले म्हणून नव्हे, तर ते मिळवण्याची ऐपत त्यांच्या हातून गेली म्हणून. आणि सर्वाधिक बळी गेले ते भूमिहीन शेतमजूर, मासेमार अशा खेड्यांतल्याच लोकांचे. लहान शेतकऱ्याची दरवर्षीची कथा याच्याच सौम्य रूपाची असते. सुगीनंतर देणी फेडण्यासाठी माल पडत्या भावात विकावा लागतो आणि पुढल्या सुगीच्या आधीच्या महिन्यांत तोच माल चढ्या भावात विकत घ्यावा लागतो. दूध असेल तर ते रोख पैसे देते, म्हणून आधी बाहेर जाते. हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, कारण त्याच पैशातून औषध येते. पण मुलाच्या वाट्याचे दूध त्यात गेलेले असते.

तेव्हा तिसऱ्या, तळाच्या थराला आपण जो एका वाक्यात निकालात काढला, तो माझ्या मते पहिला मानायला हवा.

---

ओंजळ

शेतवाट, आपला आक्षेप मला मान्य आहे. आईकडे बोट जाईल असे माझ्या लिहिण्यातून वाटले असेल, तर ती माझ्या मांडणीतली त्रुटी आहे.

मी 'वेळ' म्हणते, तेव्हा मला तो कोण घेतो हेच विचारायचे आहे. पाणी आणि सरपण लांबून आणावे लागणे, हंगामात दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबावे लागणे, घरातली पुरुषमंडळी कामासाठी बाहेरगावी गेलेली असणे, आणि स्वयंपाकापासून आजाऱ्याच्या सेवेपर्यंत सगळे एकटीच्या अंगावर असणे, ही गरिबीचीच रूपे आहेत. गरिबीत पैशाबरोबर तासही कमी असतात, पण आपण मोजतो ते फक्त पैसे. सुगीच्या दिवसांत घरात अन्नही येते आणि मजुरीही येते. तरी त्याच दिवसांत तान्ह्या मुलाचे वजन वाढायचे थांबलेले मी पाहिले आहे, कारण त्याला भरवणारे माणूस सकाळपासून रानात असते. केवळ मिळकतीच्या आकड्यावरून हे दिसणार नाही.

शिवाय पैसा कोणाच्या हातात आहे यानेही फरक पडतो. लिसा स्मिथ आणि लॉरेन्स हडाड यांनी ६३ विकसनशील देशांची १९७० ते १९९५ या काळातील आकडेवारी तपासली. बालकुपोषणात जी घट झाली, तिच्यातला सुमारे ४३ टक्के वाटा स्त्रियांच्या शिक्षणाचा होता आणि सुमारे २६ टक्के वाटा अन्नाची उपलब्धता वाढल्याचा होता, असे त्यांचे गणित निघाले. शिकलेली आई म्हणजे जास्त माहिती असलेली आई, एवढाच त्याचा अर्थ मी घेत नाही. शिकलेल्या बाईचे घरात ऐकले जाते. मूल आजारी पडले असता ते दवाखान्यात न्यायचे की नाही, हे तिला कोणाला विचारावे लागत नाही, किंवा कमी विचारावे लागते. ज्या घरात हा निर्णय दुसऱ्याच्या हातात असतो, तिथे दोन-तीन दिवस सहज निघून जातात, आणि लहान मुलाच्या जुलाबात दोन-तीन दिवस फार असतात.

---

निरभ्र

मी लहान मुलांवर उपचार करतो. आजारपणाचा धागा आतापर्यंत थोडक्यात आला आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

कुपोषण आणि संसर्ग यांचे नाते एकतर्फी नाही, हे नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात पद्धतशीरपणे मांडले. आजारी मुलाची भूक मरते. खाल्लेले नीट शोषले जात नाही. ताप असला की शरीर जास्त ऊर्जा जाळते. जुलाबातून पाणी, क्षार आणि जस्त बाहेर जाते. अशा प्रकारे अशक्त झालेल्या मुलाची प्रतिकारशक्ती उतरते आणि पुढला आजार लवकर येतो, जास्त दिवस राहतो आणि जास्त वजन घेऊन जातो. ग्वाटेमालातील एका खेड्यात लिओनार्दो माता या संशोधकांनी मुलांना जन्मापासून काही वर्षे सतत पाहिले आणि प्रत्येक मुलाच्या वजनाच्या आलेखाखाली त्याच्या आजारांच्या नोंदी केल्या. ते आलेख पाहिले, तर पहिल्या काही महिन्यांनंतर आजारांच्या रेघा एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या दिसतात आणि वरची वजनाची रेघ सपाट होत जाते. मूल दोन आजारांच्या मध्ये गमावलेले वजन भरून काढू शकते, पण त्यासाठी त्या मधल्या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त अन्न मिळावे लागते, आणि तेवढी फट तर मिळायला हवी.

इथे मला ओंजळ यांच्या मुद्द्याला जोड द्यायची आहे. जुलाब सुरू झाले की खाणे बंद करण्याची सवय फार खोल गेलेली आहे, आणि तिच्यामागे मुलाला त्रास होऊ नये हाच हेतू असतो. प्रत्यक्षात अंगावरचे दूध आणि अन्न चालू ठेवणे, जलसंजीवनी देणे आणि दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळी देणे (सहा महिन्यांवरील मुलाला दररोज २० मिलीग्रॅम, त्याखालील मुलाला १०) हे उपचाराचे सार आहे. पण भूक मेलेल्या मुलाला खाऊ घालणे म्हणजे दर अर्ध्या तासाने दोन चमचे, आणि तेही रात्रीसुद्धा. मी दवाखान्यात बसून 'थोडे थोडे, वारंवार द्या' असे वर्षानुवर्षे सांगत आलो. ते सांगताना समोरच्या बाईला उद्या कामावर जाणे भाग आहे का, हे विचारायला मी फार उशिरा शिकलो, आणि त्याची मला खंत आहे.

आणखी एक. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांशी कुपोषणाचा संबंध असतो, पण नोंदीत कारण म्हणून न्यूमोनिया किंवा अतिसार लिहिलेला असतो. त्यातही बहुतेक मुले पाहताक्षणी ओळखू यावीत इतकी रोडावलेली नसतात. सौम्य आणि मध्यम कुपोषण असलेल्यांची संख्याच इतकी मोठी आहे, की एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा मोठा होतो.

---

उंबरा

सर्वांचे आभार. मी या क्षेत्रातली नाही, एक आजी म्हणून वाचते आहे. दोन शंका आहेत. आई-वडीलच ठेंगणे असतील, तर मूलही ठेंगणेच होणार. त्याला कुपोषण का म्हणायचे? आणि मूल हसते-खेळते आहे, तर त्याला पुरेसे मिळत नाही हे घरच्यांनी ओळखावे कसे?

---

निरभ्र

दोन्ही शंका अगदी योग्य आहेत.

पहिलीचे उत्तर मोजून शोधले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील निरोगी, अंगावर दूध पिणाऱ्या आणि चांगली परिस्थिती लाभलेल्या मुलांची वाढ मोजली. पाच वर्षांपर्यंत त्या सर्व ठिकाणच्या मुलांची वाढ विलक्षण सारखी निघाली, आणि त्यावरूनच २००६ साली आजचे वाढीचे तक्ते तयार झाले. एखाद्या मुलाच्या उंचीत आनुवंशिकतेचा वाटा असतोच, पण संपूर्ण गावातली मुले खुजी असतील, तर ते त्यांच्या रक्तात आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. आणि पुष्कळदा आई-वडील स्वतःच लहानपणी खुंटलेले असतात.

दुसरीचे उत्तर असे, की नुसत्या नजरेवर विसंबू नये. दर महिन्याला वजन करावे आणि आकड्यापेक्षा रेघेची दिशा पाहावी; वजन कमी झाले नसले, तरी दोन महिने वाढले नसेल, तर ते लक्षण आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात डाव्या दंडाचा मधला घेर पट्टीने मोजतात. १२५ मिलीमीटरच्या खाली गेला तर सावध व्हावे. ११५ च्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषण आहे आणि उपचार हवेत. शिवाय दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूवर अंगठा तीन सेकंद दाबून उचलावा. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला, तर ती कुपोषणाची सूज असू शकते आणि मूल ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवे. ही सूज फार फसवते. गाल भरलेले दिसतात, वजनही बरे भरते, आणि घरच्यांना वाटते की मूल बाळसे धरते आहे.

या सुजेच्या आजाराला 'क्वाशिओरकोर' म्हणतात. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करताना १९३३ साली त्याचे वर्णन केले आणि १९३५ साली तेथील गा भाषेतले हे नाव वैद्यकात आणले. नवे बाळ आल्यावर आईपासून दूर झालेल्या आधीच्या मुलाला होणारा आजार, असा त्या नावाचा आशय आहे. त्या भाषेतल्या बायांनी कारणाचा एक मोठा भाग नावातच सांगून ठेवला होता. आजार नेमका कसा होतो, यावर वैद्यकात अजूनही वाद आहेत, पण दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर असावे, या सल्ल्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. बाळंतपणानंतर पुन्हा गरोदर राहण्याआधी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

---

पाणवठा

पाणी आणि स्वच्छतेच्या कामात असल्यामुळे थोडे लिहितो, आणि त्यात आमच्या क्षेत्राला नमते घ्यावे लागेल.

उघड्यावरील शौच, दूषित पाणी आणि अंगणातील जनावरांची विष्ठा यांमुळे रांगत्या मुलाच्या पोटात जंतू सतत जात राहतात. रांगणारे मूल जे सापडेल ते तोंडात घालते, त्यात मातीही आली. उघड जुलाब झाले नाहीत, तरी आतड्याच्या आतील सूक्ष्म झालर झिजते, आतडे जंतूंना आणि त्यांच्या विषांना पाझरू लागते आणि शरीर आतल्या आत दाहाशी लढत राहते. वाढीसाठी हवे असलेले अन्न या लढाईत खर्च होते. त्यामुळे शौचालये, शुद्ध पाणी आणि हात धुणे यांनी मुलांची उंची वाढेल, अशी आमची खात्री होती.

बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथील ग्रामीण भागांत यावर मोठ्या, काटेकोर चाचण्या झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये आले. घरोघरी साधी शौचालये, पाण्यात क्लोरीन आणि हात धुण्याची सोय देऊन मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहार दिलेल्या गटांत मात्र ती थोडी वाढली. बांगलादेशात जुलाबांचे प्रमाण घटले, हे खरे, पण उंचीत ते दिसले नाही.

यावरून स्वच्छता निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काही जणांनी काढला, तो मला पटत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या सोयी फार तोकड्या पडल्या. एका घरात शौचालय बांधून शेजारच्या अंगणातली घाण थांबत नाही, आणि धुतलेला हात पुढच्याच क्षणी मातीत जातो. घरापर्यंत भरपूर, स्वच्छ पाणी येणे ही निराळीच गोष्ट आहे. ओंजळ यांच्या धाग्याच्या दृष्टीने तर तिचा दुसराही उपयोग आहे: नळ दारात आला, की पाणी आणण्यात जाणारे तास आईला परत मिळतात. आमच्या कामाचे मोजमाप करताना हा लाभ आम्ही क्वचितच धरतो.

---

ओंजळ

पाणवठा, इतक्या स्वच्छपणे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दारातल्या नळाचा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता.

एक बाजू मात्र राहून जाते आहे, ती जन्माआधीची. वाढ खुंटलेल्या मुलांपैकी सुमारे एक पंचमांश मुलांच्या बाबतीत त्याचे मूळ गर्भातच पडलेले असते, असा अंदाज आहे. आई स्वतः अशक्त असेल, तिच्या रक्तात लोह कमी असेल, तिचे वय इतके कोवळे असेल की तिचीच वाढ पुरी झालेली नाही, तर गर्भाच्या वाट्याला कमी येते. अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचे बाळ पहिल्या दिवसापासून मागे असते. अशा बाळाच्या शरीरात लोहाचा साठाही कमी असतो. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला जो साठा साधारण सहा महिने पुरतो, तो याचा आधीच सरतो.

गांबियातील ग्रामीण भागात झालेली एक चाचणी मला या संदर्भात नेहमी आठवते. तिथे पावसाळ्याच्या महिन्यांत जुने धान्य संपत आलेले असते, नवे आलेले नसते, आणि शेतातले काम मात्र ऐन भरात असते. म्हणजे खाणे सर्वांत कमी आणि श्रम सर्वांत जास्त. गरोदर बायांना रोज पौष्टिक बिस्किटे देऊन पाहिली, तेव्हा बाळांचे जन्मवजन सरासरी १३६ ग्रॅमने वाढले. पण केवळ टंचाईच्या महिन्यांतील जन्म पाहिले, तर ही वाढ सुमारे २०० ग्रॅम होती. १९९७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खेड्यातल्या बाईच्या शरीरावर ऋतू किती उमटतो आणि तो तिच्या बाळावर कसा उतरतो, हे याहून स्पष्ट करून दाखवणारे दुसरे काही माझ्या वाचनात नाही. त्यात शेतवाट यांचे म्हणणेही आहे आणि माझेही.

---

शेतवाट

हे उदाहरण माझ्यासाठी नवीन आहे. माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण त्याची जागा बदलते, हे कबूल करतो. टंचाईचे महिने आणि श्रमांचे महिने एकच असतात, ही गोष्ट मी शेतीच्या हिशेबात पाहिली होती, गरोदर बाईच्या हिशेबात नाही.

एक विचारतो. एखाद्या मुलाचे वजन दोन महिने वाढले नाही असे आपल्याला दिसत असे, तेव्हा कारण शोधायला सुरुवात कुठून करत होता?

---

ओंजळ

आधी आजार. गेल्या पंधरा दिवसांत ताप, खोकला, जुलाब झाले होते का, हे विचारायचे, आणि मूल पाहून, पाय दाबून खात्री करायची. मग अंगावरचे दूध अजून चालू आहे का. आई पुन्हा गरोदर आहे का, हेही हलकेच विचारायचे, कारण असेल तर दूध बहुधा तोडलेले असते.

त्यानंतर मी 'तुम्ही बाळाला काय देता?' असे विचारायचे सोडून दिले होते. त्या प्रश्नाला सर्वजणी चांगलेच उत्तर देतात. आमच्याकडूनच ऐकलेले उत्तर त्या आम्हाला परत देतात. मी विचारायची ते कालचे. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत बाळाने केव्हा, किती आणि कोणाच्या हातून खाल्ले. वाटी दाखवा, कुठपर्यंत भरली होती ते बोटाने दाखवा. चमचा वाटीत आडवा केला, तर त्यावरून अन्न ओघळून जाते की टिकते, तेही पाहू.

सकाळचे आणि रात्रीचे नीट सांगता येत असे. मधल्या सात-आठ तासांपाशी आल्यावर बहुतेक आया थांबत आणि मोठ्या मुलीकडे, नाही तर म्हाताऱ्या सासूकडे पाहत. पुढचे प्रश्न मग मी त्या मुलीला किंवा त्या आजीला विचारत असे.